काळं रक्त

गुरांच्या खात्यातल्या झोहोरबाई आमच्या ऊल्मेसच्या पठारावर यायच्या त्या गुरंवाल्यांना शिकवायला. आमची गुरं मांसासाठीच पाळलेली. त्यांना लस कधी टोचायची, आजारी जनावर वेगळं कसं ठेवायचं, असं सगळं त्या सांगत. एकदा म्हणाल्या, धडधाकट गाय अचानक थरथरून कोसळली तर मरायच्या आत कापून मांस वाचवायला जाऊ नका. ती काळपुळी असू शकते, माणसालाही होते.

माझा नवरा बासू म्हणाला, "म्हणजे हलाल व्हायची गाय आपोआप मरून हराम होऊ द्यायची?" सगळे पुरुष हसले.

त्या सकाळी मी ओकच्या झाडांच्या रानात पोचले, तेव्हा आमची तांबडी गाय चिरलेली पडली होती. कोसळताच बासूनं तिच्या गळ्यावर सुरी फिरवली होती. रक्त डांबरासारखं काळं होतं आणि गोठत नव्हतं. मला झोहोरबाईंचं बोलणं आठवलं.

"बासू, सुरी टाक. कलेजी कुठंय?"

"तूदा घेऊन गेली. आई भाजतेय."

तूदा आमची मुलगी. मी उतारावरून धावत सुटले. एकदा पडले, गुडघा फुटला, कळलंही नाही. अंगणात धूर दिसला. सासूबाई निखारे फुंकत होत्या आणि तूदा शेजारी बसून काहीतरी चावत होती. मी तिचा जबडा धरून तोंड उघडलं. आत बोट घालून काढलं तर भाकरी होती, जैतुनाच्या तेलात बुडवलेली. कलेजी अजून परातीतच होती, कच्ची. मी दोघींचे हात साबणानं धूत राहिले.

फोन केल्यावर झोहोरबाई माणसं घेऊन आल्या. आम्ही न ऐकलेल्या सल्ल्याची आठवणही त्यांनी काढली नाही. गाय आणि कलेजी खोल खड्ड्यात चुन्याखाली गेली. आम्हा सगळ्यांना त्यांनी दवाखान्यात धाडलं. पण बासूच्या मनगटावर फोड उठलाच. दुखत नव्हता, मधोमध मात्र कोळशासारखा काळा पडत गेला. दवाखान्यातल्या खाटेवर तो माझा पदर धरून झोपायचा.

"इत्तो, मी मरणार का?" त्यानं मला नावानं हाक मारून विचारलं. मी नाही म्हणाले, पण मला ठाऊक नव्हतं.

औषधं लागू पडली. घरी आल्यावर उरलेल्या गुरांना लस टोचायची होती. शेजारचा मोहा त्याच्या गुरांना टोचू द्यायला तयार नव्हता. बासू अशक्त पायांनी त्याच्या दारात गेला आणि बाही वर सारून मनगटावरचा काळा व्रण दाखवला. मोहानं गोठ्याचं फाटक उघडलं.