सांग त्याला, सांग तिला

आमच्या समोरच्या घरातल्या पोपटाबद्दल जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं तुम्हाला खोटं वाटेल. ते खरं आहे. उरलेल्या निम्म्याची हमी मी देत नाही.

घर वरच्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मोठी बहीण शिवणयंत्र चालवायची आणि दाराशी धाकटा भाऊ डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचा. दोघांचीही लग्नं राहून गेली. "ताईला कुणाचं माप बसेना, आणि माझी वेळ काही जुळेना," असं भाऊ सांगायचा.

एकदा त्याने ताईच्या कापडाच्या कात्रीने पत्रा कापला. शिवणाऱ्या बाईच्या कात्रीने नुसता कागद कापला तरी घर डोक्यावर घेतलं जातं. हा तर पत्रा! ताई कडाडली, "पुन्हा माझ्याशी बोलू नकोस!" भावाने जन्मात तिचं काही ऐकलं नव्हतं. नेमकं तेवढंच ऐकलं.

त्या मुक्या घरात एके दिवशी खिडकीतून पोपट येऊन पडला. पंखात काटा रुतलेला. भावाने घड्याळाच्या चिमट्याने काटा उपसला, ताईने मऊ चिंधीची पट्टी बांधली. चारही हात त्या हिरव्या जिवाभोवती एकत्र आले, तोंडं मात्र दोन दिशांना. पंख बरा झाला तरी पाहुणा काही हलला नाही. त्याचं नाव ठेवलं राजा. पिंजरा आणला, पण त्याचं दार कधी लागलं नाही.

आणि घरात बोलणं सुरू झालं.

"सांग त्याला, चहा झालाय."

"सांग तिला, साखर कमी पडलीये."

"सांग त्याला, जीभ दाखव म्हणावं कुणाला तरी."

पोपट कुणाला काय सांगणार, कपाळ! पण दोघांच्या मधोमध बसून तो मान डावीकडे करायचा, उजवीकडे करायचा, आणि निरोप आपोआप पोचायचा. दुपारी तो ताईच्या खांद्यावर बसून तिच्या कानामागचे केस चोचीने विंचरायचा. ताई इतकी मान आखडून शिवायची की शिवण वाकडी जायची, पण पोपट हलायचा नाही. संध्याकाळी भावाच्या दिव्याशेजारी बसून तो टिकटिक करायचा. इतकी हुबेहूब, की बंद पडलेली घड्याळं लाजून चालू व्हायची. भाऊ त्याच्या पोटाला बोट लावून बसायचा. "एवढंसं यंत्र," म्हणायचा, "आणि किल्लीसुद्धा द्यावी लागत नाही."

मग एका सकाळी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी किंचाळली आणि पोपट घाबरून खिडकीतून भुर्र उडाला. थेट रस्त्यापलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर.

दोघं धावत खाली आली. ताईच्या गळ्यात मोजपट्टी, भावाच्या डोळ्याला भिंग. ताईचा चेहरा पाहवत नव्हता. भाऊ तर पुन्हा मुका झाला होता. निरोप्याच गेला, तर रडायचं तरी कुणाकडे?

"नाव काय त्याचं?" कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने विचारलं.

"राजा."

सगळी गल्ली ओरडू लागली. "राजा! राजा!" पोपट पंख साफ करत बसला. जणू दुसऱ्याच कुणाला हाक चाललीये.

इस्त्रीवाल्याने डोकं खाजवलं. "ताई, घरात ह्याच नावाने बोलावता ना?"

ताईने जीभ चावली. खरंच, राजा म्हणून त्याला हाक मारली होती कुणी? बारशानंतर त्या नावाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

भाऊ झाडाकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सांग तिला..."

पोपटाने झटकन मान वळवली.

"सांग तिला, चपला उलट्या घातल्यायत."

पोपट एक फांदी खाली आला.

"सांग त्याला," ताई नाक ओढत म्हणाली, "भिंग काढ म्हणावं डोळ्याचं. पक्षी हत्तीएवढा दिसत असेल."

आणखी एक फांदी. मग चहा, साखर, दाराची कडी, सगळे जुने निरोप झाले. पोपट शेवटच्या फांदीवर येऊन थांबला. हात पोचत नव्हता आणि निरोप संपले होते. दूर कुकर पुन्हा शिट्टीच्या बेतात आला होता.

"सांग तिला," भाऊ म्हणाला, "कात्रीला मी त्याच आठवड्यात धार लावून आणलीये. माझ्या खणात आहे. द्यायला तोंड नव्हतं."

ताई गर्रकन वळली. झाडाकडे नाही, त्याच्याकडे.

"अरे मग द्यायचीस ना, गाढवा!"

मधला निरोप्या गाळून बोललेलं ते पहिलं वाक्य. पोपटालाही ते खटकलं असावं. तो तडक खाली उतरला आणि जाब विचारायला आल्यासारखा ताईच्या डोक्यावर बसला. तिथेच बसून त्याने तिचे केस विंचरायला घेतले. ताई रडत होती, पण मान आखडून, जराही न हलवता.

आता दोघं सरळ एकमेकांशी बोलतात, भांडतातही भरपूर. सुरुवातीला पोपट रुसला. नोकरी गेलेल्या माणसासारखा पिंजऱ्यात तोंड फिरवून बसायचा, दाणा खाईना. तेव्हापासून संध्याकाळचा एक निरोप त्याच्यासाठी राखून ठेवलाय.

"सांग त्याला, चहा झालाय," ताई म्हणते. भाऊ हाताच्या अंतरावर बसलेला असतो, पण उठत नाही. पोपट दिव्याशेजारी येतो, मान डावीकडे करतो, उजवीकडे करतो आणि अगदी ताईच्या आवाजात म्हणतो,

"गाढवा!"

मग भाऊ उठतो.