भट्टीवरचा निळा सदरा

मी एक जुना सदरा आहे, मित्रांनो. निळ्या, जाड कापडाचा, दोन खिशांचा. माझी गोष्ट तुम्हाला सांगावी की नाही, हे माझं अजून ठरत नाही. कारण तिच्यात माझा दोष किती, हेच मला नीट कळलेलं नाही.

शिंप्याने मला दुहेरी शिलाई घातली आणि म्हणाला, "घालणारा झिजेल, हा नाही झिजायचा!" माझे धनी खळखळून हसले. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात ते कामाला होते. भट्टीतलं शिसं लांब दांड्याच्या पळीने काढायचं आणि साच्यात ओतायचं. तिथे पिठासारखी मऊ, करडी धूळ उडे. ती माझ्या खिशांत, शिवणींत, कॉलरीत जाऊन बसे. मला ती मळ वाटलीच नाही. कष्टाची खूण वाटायची.

संध्याकाळी धनी घरी आले की त्यांची चार वर्षांची लेक दारातच माझ्यावर झेप घेई. गोल गरगरीत म्हणून तिला सगळे गोटी म्हणत. माझं वरचं बटण ती तोंडात धरून चोखत बसे.

"अगं, बटण आहे ते, गोळी नाही!" धनी म्हणत. पण तिला खाली ठेवत नसत. तेव्हा मला स्वतःचा केवढा अभिमान वाटे!

पुढे धन्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या. हिरड्यांवर काळसर निळी रेघ उमटली. मनगट उचलेना, पळी हातातून सुटू लागली. डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, "शिसं अंगात भिनलंय. पाच दिवस इथे राहा. सलाईनमधून औषध देऊ. ते शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं."

"म्हणजे आतून धुलाईच की!"

"रक्ताची धुलाई. हाडांत मुरलेलं पुन्हा रक्तात उतरत राहणार. आणि परत भट्टीवर गेलात, तर केलं-सवरलं पाण्यात."

धनी दवाखान्यात राहिले आणि मी घरी आलो. इकडे गोटी जेवेना, दुपारी झोपेना. बाबा हवेत, एवढाच घोशा. आईने मला धुवायला घेतलं होतं, बादलीही भरली होती. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "धुतेस कशाला गं? बापाचा वास आहे त्याला. दे पोरीच्या कुशीत, बघ कशी निजते."

आईला पटलं. मित्रांनो, मलाही पटलं. पाच दुपारी गोटी मला नाकातोंडाशी घेऊन गाढ झोपली. तिकडे बापाच्या अंगातलं शिसं थेंबाथेंबाने उतरत होतं. इकडे मी लेकीला ते श्वासाश्वासाने देत होतो.

महिन्याभराने डॉक्टरबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. गोटीच्या रक्तातल्या शिशाचा आकडा बापाच्या वर निघाला. त्या दिवशी आईने मला पिशवीत कोंबून मागच्या दाराबाहेर ठेवलं. टाकायचं कुठे, जाळलं तर धुराचं काय, हे कुणालाच ठरवता आलं नाही, म्हणून मी अजून तिथेच आहे.

पिशवीतून मला सगळं ऐकू येतं. गोटीच्या औषधाला सडक्या अंड्याचा वास यायचा. आई ते केळ्यात कुस्करून भरवायची. आकडा उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. धन्यांनी भट्टी सोडली. एकदा ते आईला हळूच म्हणाले, "डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तातलं निघेल. पण डोक्याला जे झालं, ते औषधाने भरून येत नाही."

गोटी आता सात वर्षांची आहे. बोलता बोलता तिचा शब्द हरवतो आणि ती तशीच बघत राहते. परवा तिला माझी पिशवी सापडली. गाठ सोडून तिने नाक आत घातलं आणि हसून म्हणाली, "बाबा!"

धनी तिच्या मागेच उभे होते. "मी इकडे आहे गं," ते म्हणाले. तिने वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असलं काम करत असेल, तर त्यांचा सदरा कामावरच राहू द्या. हातपाय धुऊन, कपडे बदलून आल्याशिवाय त्यांच्या गळ्यात पडू नका. माझ्यासाठी काही मागायचं उरलेलं नाही. शिंपी खरं बोलला होता. माझा अजून एकही टाका उसवलेला नाही.