पापणीखालचं भूत

विश्रांतवाडीच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मच्छिंद्र महाराजांनी हिंमतरावांच्या सुजलेल्या डाव्या पापणीवर बोट दाबलं. आत काहीतरी कुरकुरलं.

"ऐकलंत? दात खातंय ते!" महाराज गरजले. "नाक दाब, तोंड मीट, लाव जोर!"

हिंमतरावांनी जोर लावला आणि सगळ्यांच्या देखत पापणी टम्म फुगली. बायकांनी भराभर हात जोडले.

हिंमतरावांची मुलगी नम्रता मागे भिंतीला टेकून उभी होती, हिंजवडीतल्या कंपनीची शिफ्ट संपवून थेट आलेली. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, सायनसचं दुर्बिणीतून ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळा सुजल्यावर ती म्हणाली, डॉक्टरांकडे जाऊ. काका म्हणाले, "डाक्टरनंच तर वाटोळं केलंय," आणि अप्पांना इथे घेऊन आले. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"नमे," अप्पा एकदम म्हणाले, "तू दोन-दोन दिसायलीस."

लोक हसले. नम्रताने सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांना फोन लावला.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर जया रिक्षाने आल्या. "महाराज, यांना नाक मोकळं सोडून, तोंड उघडं ठेवून बसू द्या. आता बोलवा तुमच्या भुताला."

महाराजांनी मंत्र म्हटले, अंगारा उधळला, घाम गाळला. पापणी ढिम्म.

"आज वार बरोबर नाही."

"मघाशी होता वाटतं," नम्रता म्हणाली.

"इथे प्रश्न विचारायचे नसतात!" महाराज गुरकावले.

डॉक्टर थकल्या आवाजात सांगू लागल्या, "नाक आणि डोळा यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं. ऑपरेशनमध्ये माझ्याकडून त्याला भोक पडलं. नाक दाबून जोर लावला की हवा त्यातून पापणीत शिरते. कुरकुरतात ते तिचे बुडबुडे. नाक शिंकरू नका म्हटलं होतं ते यासाठीच. हवा आपोआप जिरली असती. आता ती डोळ्यामागे साठतेय. चला, नाहीतर नजर जाईल."

"म्हंजी चूक तुमचीच की!" काका उसळले.

"माझीच. म्हणून तर आले."

डॉक्टरांनी हॉस्पिटलात नेऊन कोंडलेली हवा मोकळी केली. अप्पांची नजर वाचली; दोन-दोन दिसायचं हळूहळू थांबलं. काका मात्र अजूनही अंगाऱ्याचाच गुण सांगतात.

नम्रता आता वाद घालत नाही. कोणी महाराजांचा पत्ता विचारला, तर एवढंच सांगते : "डॉक्टरही चुकतात. पण त्यांना विचारता येतं, कुठे चुकलं, आता काय करायचं. जिथे विचारायचीच बंदी, तिथे स्वतःचा डोळा देऊ नका."