कोरा पुठ्ठा

बाबांची पिकअप माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, त्यामुळे घरात तिला माझ्यापेक्षा जास्त मान. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या उचलायच्या आणि मासळी बाजारात टाकायच्या, हा बाबांचा धंदा. पण गेल्या महिन्यापासून गिअरबॉक्समधून लाल ऑइल गळायला लागलं. दोनदा गाडी वाटेत बसली आणि दोनदा बाजारात लाद्यांऐवजी वड्या पोचल्या.

कारखान्याच्या मालकाने सांगून टाकलं, "शुक्रवारची खेप वेळेवर आली तर ठीक. नाहीतर काका, काम दुसऱ्याला."

मिस्त्री गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "खालच्या ट्रेचं पॅकिंग गेलंय! आणि हे बोल्ट कुणी आवळलेत एवढे? ट्रे वाकलाय की!"

बाबा आभाळाकडे बघायला लागले. बोल्ट त्यांनीच आवळले होते, पान्यावर उभं राहून.

मिस्त्रीने ट्रे ठोकून सरळ केला, नवं पॅकिंग बसवलं, ऑइल भरलं. जाताना म्हणाला, "ट्रेचा काही भरवसा नाही. गाडीखाली पुठ्ठा अंथरा. रोज इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा आणि सकाळी पुठ्ठा बघा. डाग दिसला की मला फोन. आणि मधूनमधून मापाची पट्टी काढून ऑइल किती आहे तेही बघत जा."

"आईला सांगून ठेवू का?" मी विचारलं.

"तिला काय कळतंय गाडीतलं?" बाबा म्हणाले.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं गुडघ्यावर बसलो. पुठ्ठा कोरा. बुधवारी कोरा. गुरुवारी तर बाबांनी शेजारच्यांना बोलावून दाखवला.

"एक थेंब नाही! बघा, बघा!"

मी म्हटलं, "बाबा, काल यावर साबणाच्या पावडरचं चित्र होतं ना? आज पंखा आहे."

"तू चित्रं बघ. मी डाग बघतो."

"पट्टी तरी काढून बघू?"

"पुठ्ठा कोरा आहे तर पट्टी कशाला? उगाच अपशकुन!"

शुक्रवारी चाळीस लाद्या भरल्या, वर ताडपत्री घातली. मला शेजारी बसवून बाबा शीळ घालत निघाले. बाजाराच्या अलीकडच्या चढावर इंजिन गरजलं, धूर निघाला आणि गाडी शांतपणे मागे यायला लागली. मी उडी मारून चाकाखाली दगड सारला. बाबांनी पुढचा गिअर टाकला, मागचा टाकला, शेवटी सगळेच टाकून बघितले. गाडी एखाद्या कीर्तनात बसल्यासारखी जागच्या जागी डोलत राहिली.

मिस्त्रीला फोन लावला. "पट्टी काढा," तो म्हणाला. काढली. ठणठणीत कोरडी.

"अरे, पण पुठ्ठा रोज कोरा होता!" बाबा जवळजवळ रडत म्हणाले.

तेवढ्यात मला ते पंख्याचं चित्र आठवलं. मी घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, गाडीखालचा पुठ्ठा..."

"मीच बदलते ना रोज पहाटे!" आई उत्साहाने म्हणाली. "केवढा तो लाल चिकचिकाट! शेजारचे बघतात, आपल्याच अंगणात घाण. दुकानातून खोकी मागून आणते, फाडून अंथरते. का रे, कमी पडला का?"

बाबांनी कोरडी पट्टी परत जागेवर खोचली. आई काही चुकली नव्हती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

ताडपत्रीखालून पाणी निघालं आणि उतारावरून आमच्या चपला भिजवत खाली गेलं. आम्ही लाद्यांवर हात ठेवून उभे राहिलो, जणू त्याने बर्फ थांबणार होता. बाबांनी मालकाला फोन करून कळवलं. अर्ध्या तासाने कारखान्याने धाडलेली दुसरी गाडी आली. कोवळा ड्रायव्हर, नवी कोरी गाडी. उरलेल्या लाद्या आम्हीच त्याच्या गाडीत चढवून दिल्या.

"मालक म्हणाले, उद्यापासून तुम्ही येऊ नका," तो खाली बघत म्हणाला. "काका, मी काय करू, सांगा."

"काही नको. दोर आहे का?" बाबांनी विचारलं.

बाजारातून परतताना त्यानेच आम्हाला ओढत घरी सोडलं. दारात आई उभी. तिच्या हातात तिच्याहून उंच पुठ्ठा.

"आज फ्रिजचा मिळालाय! चार दिवस बघायला नको."

बाबांनी तो घेतला, गाडीखाली सरकवला आणि स्वतःच त्यावर आडवे झाले. थोड्या वेळाने त्यांच्या शर्टावर उरल्यासुरल्या ऑइलचा पहिला लाल थेंब पडला.

"अगं," ते खालूनच म्हणाले, "हा आता बदलू नकोस."