लिखाण केलेले

बदलापुरातल्या त्या वाचनालयात शिकागो शहरावरची अडतीस इंग्रजी पुस्तकं होती आणि सहा वर्षांत त्यातलं एकही कोणी घरी नेलं नव्हतं. नेणार तरी कोण? इथल्या माणसाला स्वतःच्या बिल्डिंगला पाणी कधी येतं ते धड ठाऊक नसतं, तो कुठे शिकागोच्या खाटीकखान्यांचा इतिहास वाचत बसणार! ग्रंथपाल मनाली अहिरे तर त्या कपाटाकडे बघायचीसुद्धा नाही. एक्केचाळीस वर्षांची बाई, घरी आजारी आई, इथे झाडण्यापासून हिशेबापर्यंत सगळं एकटीच्या अंगावर. ती नुसती थकलेली नव्हती, थकण्याचाही तिला कंटाळा आला होता.

ती पुस्तकं विष्णुपंतांनी दिलेली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीत ते टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर पडला, याचं मस्टर त्यांच्याकडे असायचं. रिटायर झाल्यावर उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडे, परदेशातून आलेल्या रद्दीत त्यांना हा साठा सापडला. प्रत्येक पुस्तकात शिकागोच्याच कुठल्याशा ग्रंथालयाचा शिक्का आणि त्यावर ‘रद्द’ असा दुसरा. म्हणजे तिकडूनही हाकललेली. विष्णुपंत एकेक पुस्तक आधी स्वतः वाचायचे आणि मग आणून थेट मनालीच्या हातात द्यायचे.

“मॅडम, वेळ मिळाला की चाळा हं.”

“हो काका.”

“मागच्या वेळचं चाळलंत?”

“नाही हो, वेळच नाही मिळाला.”

मग ते उगाच टेबलासमोर उभे राहायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, “अहिरे म्हणजे अंबरनाथचे का?” ती हो म्हणाली, तर पुढे काही बोललेच नाहीत. मनालीला वाटायचं, म्हातारा भलताच चिकट आहे. ते दारात दिसले की ती रजिस्टरात डोकं खुपसायची. गेल्या दिवाळीत ते वारल्याचं कळलं तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला हायसंच वाटलं होतं.

आता नवीन सेक्रेटरी अल्पेशने फर्मान सोडलं. “मॅडम, ये शिकागो-बिकागो सब निकालो. त्या कोपऱ्यात अभ्यासिका करायचीय, एमपीएससीच्या पोरांना बसायला जागा नाय. शनिवारी टेम्पो येईल.”

पुस्तक रद्दीत टाकायलाही सरकारी रीत असते. यादी करायची, क्रमांक लिहायचा आणि शेरा मारायचा: फाटलेले, वाळवी लागलेले किंवा लिखाण केलेले. शुक्रवारी दुपारी मनाली यादी घेऊन बसली. पहिलंच पुस्तक उघडलं तर समासात पेन्सिलीने बारीक मराठी अक्षर. दुसऱ्यातही तेच. तिने कपाळावर हात मारला. आयुष्यभर मस्टर भरलेला माणूस, आणि वाचनालयाच्या पुस्तकात गिचमिड करून ठेवतो! पण एका परीने काम सोपं झालं. लिखाण केलेले. लिखाण केलेले. ती भराभर शेरे मारत सुटली.

मध्येच एका ठिकाणी नजर गेली. खाटीकखान्याची घाण वाहून नेणाऱ्या ओढ्याचं वर्णन होतं आणि बाजूला लिहिलं होतं, ‘आमच्या कंपनीच्या नाल्याचा रंग वाराप्रमाणे बदलत असे. शनिवारी निळा.’ मनालीला हसू आलं. लहानपणी तिने तो निळा नाला पाहिला होता. मग ती जरा सावकाश पानं उलटू लागली.

बाविसावं पुस्तक शिकागोच्या मोठ्या आगीचं निघालं. त्यात एका पानाच्या समासात जागा पुरली नव्हती, म्हणून अक्षर खालून वळून पुन्हा वर गेलं होतं.

‘या आगीत मेले तीनशेच्या आसपास. प्रेतं सापडली एकशेवीस. बाकीचेही मेलेच, हे या लोकांनी मान्य केलं आणि छापलं. आमच्या स्फोटात प्रेतं सापडली पाच. मेले सहा. सहावा रामभाऊ अहिरे, ठेकेदाराचा माणूस. त्या दुपारी त्याला मीच आत घेतला. रात्री साहेबांनी मस्टरचं पान बदलायला लावलं. बदललं ते मी.’

मनालीने ते तीनदा वाचलं.

रामभाऊ तिचे वडील. ती अकरा वर्षांची असताना दुपारच्या पाळीला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. त्या संध्याकाळी कंपनीत स्फोट झाला. कंपनीने सांगितलं, रामभाऊ त्या दिवशी कामावर नव्हताच, बघा मस्टर. मग वस्तीने आपलं काम चोख केलं. गडबडीत संधी साधून पळाला, घाटावर दुसरं घर केलं, पुण्यात कोणीतरी त्याला बाईबरोबर पाहिला. मनालीची आई गयाबाई तीस वर्षं नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून जगली. ‘ते गेले नायत, मेले,’ एवढंच ती म्हणायची, आणि लोक तिला हसायचे. मोठी झाल्यावर मनालीनेही विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं. ही गोष्ट तिने आईला कधी सांगितली नव्हती.

तिला विष्णुपंतांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं हा माणूस टेबलासमोर उभा राहिला आणि तोंडाने चार शब्द बोलवले नाहीत त्याला! परक्या शहराच्या पुस्तकात लपून लिहीत बसला. पुढच्या क्षणी तिला स्वतःचाच राग आला. तो हातात देत होता आणि ती ढकलून देत होती. तेव्हा उघडलं असतं तर त्याला हाताला धरून कचेरीत नेता आलं असतं. आता कंपनी बंद, ठेकेदार गायब, एकुलता साक्षीदार दिवाळीतच जळून राख.

तिने यादीतल्या बाविसाव्या ओळीत ‘हरवले’ असं लिहिलं, पुस्तक पर्समध्ये कोंबलं आणि वेळेआधीच कुलूप लावलं.

गयाबाई खाटेवर पाय चोळत बसली होती. मनालीने तिला सगळं सांगितलं, विष्णुपंत कोण, पुस्तक कसलं, आणि मग बोट ठेवून ते लिहिलेलं वाचून दाखवलं. गयाबाई रडली नाही. तिने विचारलं, “नाव नीट लिवलंय ना?”

“नीट लिहिलंय. रामभाऊ अहिरे.”

“परत वाच.”

मनालीने परत वाचलं. गयाबाई भिंतीला धरून उठायला लागली. गुडघे दुखत असूनही तिच्या तोंडावर अशी ऐट आली होती की मनालीने ती आजवर कधी पाहिली नव्हती.

“शेजारच्या गंगूला बोलव,” ती म्हणाली. “पयलं तिनंच सांगितलं व्हतं ना, पळाला म्हनून? तिच्या तोंडावर वाच.”

“आई, गंगूमावशी जाऊन तीन वर्षं झाली.”

“मग सोमाला बोलव. पुन्यात बघितला म्हनायचा तो.”

“सोमाकाका तिच्याही आधी गेले.”

गयाबाईने आणखी दोघातिघांची नावं घेतली. कोणी वारलं होतं, कोणी खोली विकून कुठे गेलं ते ठाऊक नव्हतं. शेजारी आता सगळे नवे होते, त्यांना रामभाऊ नावाचा कोणी होता हेही माहीत नव्हतं. ती तशीच भिंतीला धरून उभी राहिली.

“तीस वर्सांनी खरी ठरले,” ती म्हणाली, “आनी आता सांगू कोनाला?”