टाळ्या वाजल्या तेव्हा मी तापलेला होतो

मी वॉफल भाजायचा साचा बोलतोय. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रोवोग नावाचं गाव आहे. तिथल्या फुटबॉलच्या मैदानाशेजारी एक लाकडी टपरी आहे आणि त्या टपरीत मी पंचेचाळीस वर्षं काढली. सध्या खोक्यात आहे. शेजारी एक फुटका कंदील आणि कुणाचे तरी बर्फावरचे बूट. आम्हा तिघांना शनिवारी जुन्या बाजारात मांडणार आहेत. कुणी आपल्याला घ्यावं असं मला आता वाटत नाही.

जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. कारखान्यात धातूचा रस ओतून माझे दोन तवे घडवले, त्यांत पत्त्यांतल्यासारखे पाच बदाम गोलाकार उमटवले, मागे वायर जोडली आणि मला दुकानात पाठवून दिलं.

तिथून मला गुडवेगने आणलं. गुडवेग मासळीच्या कारखान्यात कामाला होती आणि गावातल्या बायकांच्या संघाची गोलरक्षक होती. बायकांचा संघ नवा होता. पुरुषांना हिरवळ, बायकांना मागची खडी. पहिल्याच सामन्यात कुंपणापलीकडून एक जण ओरडला, "घरी जा गं, वॉफल भाजा!" लोक खो-खो हसले. पुढच्या रविवारी गुडवेगने मला काखोटीला मारून आणलं, शाळेच्या खिडकीतून वायर ओढली आणि गोलाच्या मागे टेबलावर तापत ठेवलं. तोच माणूस आला, तसा तिने त्याच्या हातात गरम वॉफल कोंबला.

"घे, भाजलाय. आता तोंड भर आणि गप बस."

त्या दिवशी आमच्या बायका चार गोलांनी जिंकल्या. आपण चांगल्या घरी पडलो असं मला वाटलं.

मग टपरी झाली. पाळ्यांची यादी भिंतीवर लागली. ज्याची पाळी त्याने पीठ कालवायचं, त्यात वेलदोड्याची पूड घालायची आणि सामना संपेपर्यंत माझ्यापाशी उभं राहायचं. आमच्या गावात पाळी चुकवण्यापेक्षा पाय मोडलेला बरा. मी माणसं तिथेच ओळखली. जिंकल्यावर दोन खातात, हरल्यावर तीन. पंचाला शिव्या देताना तोंडातला घास कुणी खाली ठेवत नाही. आणि मुलीने गोल केला की बाप आधी आजूबाजूला बघतो, कुणी पाहिलं ना म्हणून.

गावचे पुरुष आजही कुठल्याशा तळाच्या गटात खेळतात. नाव झालं ते बायकांमुळे. एकदा संघ लीगमध्ये वरच्या गटात चढला तो उतरलाच नाही. दोघी देशाकडून खेळल्या. मार्चमध्ये गुडघाभर बर्फ असायचा, तेव्हा सगळं गाव फावडी घेऊन मैदानावर यायचं आणि मी दिवसभर तापून लाल व्हायचो. माझा दिवा कधीच गेला होता, भाजल्याचं कळायची सोय नव्हती. वाफ विरळ झाली की गुडवेगला बरोबर कळायचं. खेळणं सुटल्यावर ती प्रशिक्षक झाली आणि मग काय पडेल ते करणारी झाली. ती सोडून दुसऱ्या कुणाच्याही हातात मी निम्मे वॉफल जाळायचो.

मग शहरातल्या मोठ्या क्लबाला बायकांचा संघ हवासा वाटू लागला. शंभर वर्षं पुरुषांचाच खेळ करून त्यांना अचानक आठवण झाली. तळापासून चढत यायला वेळ कुणाला? त्यांनी आमच्या संघाची लीगमधली जागाच मागितली, खेळाडूंसकट.

आमचा अध्यक्ष टुर्मुद वाईट माणूस नव्हे. त्याची मुलगीही आमच्याकडेच खेळून मोठी झाली. पण शहरातलं कुणी चहाला बोलावलं की तो लगेच विरघळतो. "मुलींच्याच भल्याचं आहे," असं तो टपरीच्या खिडकीत कोपर टेकून सगळ्यांना सांगत सुटला. "तिथे छत असलेलं मैदान आहे."

"आणि इथल्या लहान पोरींनी कुणाकडे बघायचं?" गुडवेगने विचारलं.

"टीव्हीवर बघतील की!"

निर्णय फेब्रुवारीतल्या वार्षिक सभेत व्हायचा होता. आमच्याकडची पद्धत अशी, की अध्यक्ष विचारतो, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही तर टाळ्या वाजतात आणि ठराव पास. पण एकाने जरी चिठ्ठ्या मागितल्या, तर चिठ्ठ्या टाकून मतदान करावंच लागतं. चिठ्ठ्या झाल्या तर ठराव पडणार, हे टुर्मुदलाही ठाऊक होतं. अडचण एवढीच, की आमच्या लोकांना चारचौघांत पहिल्यांदा तोंड उघडणं जमत नाही. कर्णधार सिल्ये मैदानात कुणाला भीत नाही, पण तीही गुडवेगला म्हणाली, "तू सुरुवात कर गं. तू बोललीस की आम्ही सगळ्या उठतो."

गुडवेगने पानभर भाषण लिहिलं. पीठ कालवता कालवता तिने ते मला किती वेळा वाचून दाखवलं असेल! मला पाठ झालं होतं.

सभेच्या दिवशी वॉफलची पाळी दुसऱ्याच बाईची होती. ती तापाने पडली. यादी रिकामी राहिलेली गुडवेगला बघवेना. संघाचा विषय नववा होता, भरपूर वेळ होता. तिने एप्रन बांधला, भाषण खिशात ठेवलं आणि मला सभागृहाच्या स्वयंपाकघरात नेऊन लावलं. तिची मैत्रीण रांडी, जुनी बचावपटू, सभेत बसली. विषय आला की हाक मारायची असं ठरलं.

चौथ्या विषयानंतर टुर्मुद म्हणाला, शहरातल्या क्लबाच्या पाहुण्यांना परतीची बोट गाठायची आहे, तेव्हा नववा विषय आधी घेऊ. रांडी तडक उठून दारात आली.

"गुडवेग, विषय वर घेतलाय. चल आत्ताच्या आत्ता!"

"आले. हा एवढा काढते, जळेल."

"मरू दे तो!"

"अगं, एक मिनिट."

तिने माझं झाकण उचललं आणि वॉफल चिकटला. खोटं सांगत नाही, मी धरून ठेवला नव्हता. तवा जुना झाला होता, कडेचा एक बदाम सुटेना. तिने लाकडी काटा घेतला, हळूच कड सोडवली, वॉफल अख्खा ताटात ठेवला, हात पुसले. तेवढ्यात भिंतीपलीकडे टाळ्या वाजल्या.

ती ताट घेऊनच आत धावली. मधलं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं.

"टुर्मुद, मला बोलायचंय."

"झालं गं. एकमताने."

"मला चिठ्ठ्या हव्यात."

"आता काय उपयोग? इतिवृत्तात गेलं. आण ते ताट इकडे, काय वास सुटलाय!"

सिल्ये खाली बघत होती. सगळ्याच जणी खाली बघत होत्या. आणि मग गुडवेगने काय करावं? तिने वॉफल वाटले. शहरातल्या पाहुण्यांना विचारलं, "जॅम हवा की चीज?" पाहुणे म्हणाले, दोन्ही चालेल. परत आली तेव्हा भाषणाच्या कागदाला पीठ लागलं होतं. तिने तो अंड्यांच्या टरफलांबरोबर टाकून दिला.

पुढचं थोडक्यात सांगतो, सांगवत नाही. शहराने पहिल्या वर्षी आमच्या मुली राखीव म्हणून बाकावर बसवल्या आणि दुसऱ्या वर्षी बाहेरून नव्या आणल्या. सिल्येने खेळ सोडला. गुडवेग एकदाच बोटीने सामना बघायला गेली. परत येऊन रांडीला म्हणाली, "तिथे फलकावर संघाची स्थापना लिहिलीय. आपल्या सभेचंच वर्ष. त्याआधी आपण कुणी नव्हतोच बघ." या शरद ऋतूत गावात सात मुलींचाही संघ जमला नाही. मैदानावर आता कुत्र्यांना शिकवतात.

आज सकाळी दोघी टपरी रिकामी करायला आल्या. रांडीने मला उचलून पुढे केलं. "हा तरी घरी ने."

"नको. मला तो वास नको."

गुडवेग माझ्याकडे न बघता बोलली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

मला जीभ असती तर मी तिला एवढंच सांगितलं असतं. बाई, माझ्या पोटात आजवर हजारो वॉफल भाजले गेले, कितीतरी जळले, कुणी मेलं नाही. तू नेहमी सगळ्यांसाठी उभी राहिलीस, पण त्या मिनिटाला मला टाकून जायचं होतंस. जळू द्यायचा होतास गं तो एक.