घुमणारा पाट

सभागृहाच्या दारात चपलांचा एवढा ढीग होता, की परत जाताना ज्याला ज्या सापडतील त्या त्याच्या, अशी तिथली रीतच पडून गेली होती. सक्करदऱ्यातलं हे सभागृह लग्नाचा हंगाम सरला की एरवी ओस पडायचं. आता मात्र तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. आत एका पडद्यापुढे कंपनानंद महाराज बसले होते, आणि महाराजांच्या शेजारी तो पाट होता.

म्हणायचा पाट, पण उंची गुडघ्याएवढी. त्यावर भगवी मखमल पार जमिनीपर्यंत सोडलेली, फक्त पुढच्या अंगाला जरीची जाळी. जाळीसमोर समई, आणि पाटाच्या कडेवर स्टीलच्या ताटात मूठभर तांदूळ. भक्त पाटावर बसला की झांजा सुरू व्हायच्या. महाराज डोळे मिटून लोखंडी चिमटा तीनदा आपटायचे. मग भक्ताच्या अंगाला कंप सुटायचा, ताटातले तांदूळ फुटाण्यासारखे उड्या मारायचे, आणि पंखे बंद असूनही समईची ज्योत मान टाकून विझायची. ती विझली की बाया रडायच्या आणि बाप्ये हात जोडायचे.

"हे मी करत नाही," महाराज मधाळ आवाजात सांगायचे. "ही कंपनशक्ती. ब्रह्मांड कंपनातून झालं. रोग म्हणजे काय, तर मंद पडलेलं कंपन. अमेरिकेतले शास्त्रज्ञ आता कुठे हे मान्य करून राहिले. आणि एक ध्यानात ठेवा, सुई टोचली की त्या भोकातून शक्ती बाहेर जाते."

सुईच्या भोकातून शक्ती जाते, तर नाकाच्या दोन भोकांतून रोज किती जात असेल, हे विचारायचं कोणालाच सुचत नव्हतं. सुचलं होतं ते एकट्या देवकीबाईंना, पण त्या दूर खांबाला टेकून बसल्या होत्या.

देवकीबाई तिथे आल्या होत्या त्या जावेपायी. जाऊ कौशल्या, धाकट्या दिराची बायको. दोघींचे नवरे गेले, पोरं मोठी झाली, पण दोन घरांमधली एक भिंत आणि त्या भिंतीवरून चालणारं भांडण अजून शाबूत होतं. नळ, मांजर, पापडांची सावली, कशावरूनही चालायचं. त्या कौशल्येला साखर होती आणि तिचं इन्सुलिन चालू होतं. महाराजांचं ऐकून तिने गेल्या आठवड्यापासून सुई बंद केली होती. तेव्हापासून ती तांब्यावर तांब्या पाणी पीत होती, ओठ सुकलेलेच राहत होते, आणि भांडताना तिला धाप लागत होती. भांडणात कौशल्या थकली, यावरूनच देवकीबाईंनी ओळखलं की काहीतरी फार वाईट चाललंय.

त्या दिवशी सकाळी कौशल्या पाटावर बसली, थरथरली, डोळ्यांत पाणी आणून उठली आणि जावेला म्हणाली की तुम्हीही बसा, तुमचे गुडघे बरे होतील. देवकीबाई बसल्या. चिमटा वाजला. आणि खरंच कंप सुटला. दात दातांवर वाजले, छातीत काहीतरी गडगडून गेलं. खोटं काहून बोलायचं, क्षणभर बाईंची बोबडी वळली.

पण उठता उठता त्यांच्या डोक्यात एक गोष्ट खटकली. बाईंनी आयुष्यात पुष्कळ जणींच्या अंगात आलेलं पाहिलं होतं. नवरात्रात, आखाडात, सासूशी पटेनासं झालं की कधीही. ज्या बाईच्या अंगात यायचं तिचे केस आधी सुटायचे, मान घुमायची, मग हात, मग बाकीचं शरीर. देवी नेहमी डोक्याकडून खाली यायची. ही देवी मात्र बुडाकडून वर आली होती.

असली देवी बाईंना माहीत नव्हती. शाळा चौथीतच सुटली तरी देवीच्या यायच्या वाटा त्यांना पाठ होत्या.

घरी आल्या तर मागच्या अंगणात जितेंद्र, त्यांचा मुलगा, लाकडाच्या भुशात न्हालेला. सिनेमा घरीच टॉकीजसारखा घुमावा, म्हणून तो सुट्टीच्या दिवशी प्लायवूडचा खोका बनवत होता. त्याला तो सबवूफर म्हणायचा. प्लाय कापून, गोंद लावून, शिकंज्यात आवळून खोका उभा झाला होता. एका बाजूला ताटाएवढं भोक, त्यात मोठा स्पीकर, आणि खाली नळाचा जाड पाईप आत घातलेला. दीपमालेने, म्हणजे त्याच्या बायकोने, आधीच सांगून ठेवलं होतं की हे धूड दिवाणखान्यात आलं तर मी बाहेर. म्हणून तो खोका सासूच्या खोलीत ठेवून तपासणं चालू होतं. जितेंद्र फोनवर कामठीच्या मित्राला सांगत होता, "आईच्या खोलीत लय घुमते गा. सारं सामान हालते. दुपारी तर असं घुमते का भांडे पडतेत."

इथे एक घोळ झाला. पुण्याकडचा माणूस असता तर म्हणाला असता, खोका घुमतो, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. आपल्याकडे तोही घुमते आणि तीही घुमते. भिंतीपलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या वंदनाने, कौशल्येच्या सुनेने, हे ऐकलं आणि तिला जे समजायचं ते समजलं.

देवकीबाईंनी मात्र दुसरंच ऐकलं.

"काय घुमते रे?" त्यांनी विचारलं.

"खोका, आई. आतून आडव्या पट्ट्या नाही लावल्या अजून. पट्ट्या नसल्या की वरची फळीच थरथरते."

बाई तडक खोलीत गेल्या, पदर सावरून खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, लाव. जितेंद्र नको नको म्हणत होता, पण त्याने लावलं. तोच कंप. तीच बुडाकडून येणारी देवी. बाईंनी वाटीत तांदूळ मागवले, ते नाचले. पाईपासमोर निरांजन धरलं, ते विझलं.

मग त्यांनी पोराला समोर बसवून सारं विचारून घेतलं. त्याने सांगितलं ते असं. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हालतो, खोक्यातली हवा ढकलतो, ती हवा पाईपातून फुंकर मारल्यासारखी बाहेर येते. आवाज इतका जाड असतो की कानाला जेमतेम कळतो, अंगाला मात्र चांगलाच कळतो, आणि वर झांजा वाजत असल्या तर कानाला तेवढंही कळत नाही. चांगल्या खोक्याने हलायचं नसतं, म्हणून आत पट्ट्या ठोकतात. महाराजांनी त्या ठोकल्याच नव्हत्या. सुताराचा जो दोष, तो बाबाचा चमत्कार.

बाई लगेच भिंतीशी गेल्या आणि जावेला हाक मारणार, तोच दारातून कौशल्याच आत आली. मागे वंदना, आणि वंदनामागे अर्धी गल्ली. हातात हळदकुंकू, खण, नारळ. कौशल्येने येताच थोरल्या जावेचे पाय धरले.

"बाई, तुमच्यात देवी घुमते म्हणे. मले काहून नाही सांगितलं?"

ज्या बाईने आजवर नळावर वाकून कधी बादली दिली नाही, ती पायावर डोकं ठेवत होती. देवकीबाईंना ते गोड लागलं नाही असं कोण म्हणेल? एक श्वासभर त्यांनी ते सुख घेतलं. मग खोक्यावर आपली शाल टाकली, कौशल्येला वर बसवलं आणि जितेंद्राला डोळ्यांनी खूण केली. कौशल्या थरथरली, रडली, निरांजन विझलं, बायांनी हात जोडले. तेवढ्यात बाईंनी शाल ओढून घेतली.

खाली प्लायवूड. गोंदाचे ओघळ. पाईप. आणि कोपऱ्यात कानापर्यंत लाल झालेला जितेंद्र.

बाया हसल्या. कौशल्या हसली नाही. तिने डोळे पुसले, खण परत पिशवीत घातला आणि बोलली ते चोख बोलली.

"तुमचं नाणं खोटं निघालं म्हणून महाराजांचंही खोटं का, बाई? तुमच्या घरी देवी येत नाही, म्हणून दुसऱ्याकडची पाहवत नाही तुम्हाले."

मुद्दा मूर्खपणाचा नव्हता. खोटं नाणं असतं म्हणजे खरंही कुठेतरी असतं, हे बाजारात बसणारी कोणतीही बाई सांगेल. देवकीबाईंनी जावेचे सुकलेले ओठ पाहिले. तिच्या श्वासाला सडक्या फळासारखा वास येत होता. उशीर करून चालणार नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझं खरं. पण एवढं कर. आता माझ्यासंगं चल, पाटावर बसू नको. जमिनीवर बस. शक्ती तुझ्यासाठी येते का पाटासाठी, ते आपण दोघी पाहू. तुझ्यासाठी आली, तर मी सुईचं नाव काढणार नाही."

कौशल्या अभिमानी होती. थोरलीला हरवायची संधी तिने कधी सोडली नव्हती. ती उठली. वाटेत भाजीवाल्याकडून देवकीबाईंनी एक कोहळा घेतला, चांगला गरगरीत. मागे जितेंद्र आणि अख्खी गल्ली.

सभागृहात संध्याकाळचा दरबार भरला होता. कौशल्येने महाराजांना नमस्कार केला, पाटापासून हातभर दूर जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाली की आज इथेच बसते, कृपा करा. देवकीबाईंनी पाटावर कोहळा ठेवला.

महाराजांनी डोळे किलकिले केले. आसन सोडलं की कंपन विखुरतं, असं त्यांनी समजावलं. कौशल्या म्हणाली की ब्रह्मांड कंपनातून झालं म्हणता, मग हातभर अंतर काय जड आहे? गर्दीत कुणीतरी खाकरलं. महाराजांनी चिमटा मांडीवर ठेवला आणि जाहीर केलं की आज मुहूर्त नाही.

तेव्हा देवकीबाई पुढे झाल्या. महाराज एवढे शक्तिमान, पण चिमटा वाजवल्याशिवाय शक्ती येत नाही, हे त्यांनी सकाळीच पाहून ठेवलं होतं. शक्तीला कान असतात, तर ते कान कुठेतरी बसलेले असणार. त्यांनी महाराजांच्या मांडीवरचा चिमटा उचलला आणि तीनदा आपटला.

पडद्याआड बसलेल्या चेल्याला काय दिसणार? त्याने आवाज ऐकला आणि इमानाने बटण दाबलं.

कौशल्या जमिनीवर दगडासारखी स्थिर. तिचा पदरही हलला नाही. पाटावर मात्र तांदूळ नाचू लागले, समई विझली, आणि कोहळा आधी थरथरला, मग डुलला, मग असा घुमला की नवरात्रातल्या कोणत्याही बाईने लाजावं. शेवटी तो घरंगळत आला आणि महाराजांच्या मांडीवर बसला.

महाराजांच्या तोंडून त्या दिवशीचं पहिलं खरं वाक्य निघालं.

"बंद कर बे विक्की!"

मग हशा आवरेना. एक म्हातारा उठून कोहळ्याच्या पाया पडला. जितेंद्राने मखमल उचलली, जाळीमागचा पाईप दाखवला, पडद्याआड गेलेली तार दाखवली, आणि तारेच्या टोकाला बसलेला, हातात बटण धरलेला विक्कीही दाखवला. फळीवर टिचकी मारून तो एवढंच म्हणाला की प्लाय हलकी वापरली आहे. महाराज गर्दीतून दाराकडे सटकत होते, पण तिथे चपलांचा ढीग आडवा आला आणि त्यात ते पडले. लोकांनी त्यांना धरून बसवलं, कोणी हात टाकला नाही. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे, तक्रार करायची, असं ठरलं आणि पोलिसांत ती झालीही.

देवकीबाई त्यातल्या कशासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी कौशल्येचा हात धरून रिक्षा केली. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, आणि अजून थोडा उशीर झाला असता तर बाई बेशुद्ध होऊन गेल्या असत्या, असं सांगितलं. कौशल्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पडल्या पडल्याच तिने विचारलं.

"मग देवी खोटी का, बाई?"

"देवीचं मले काय विचारतं वं? मी काय तिची मुनीम आहे? पण असली, तर तिले तुझ्या औषधाशी वैर काहून असावं? तुले जगवायचंच तिच्या मनात असल."

"आणि तुमच्या?"

"माझ्या मनात काय असते? तू गेलीस तर भिंतीपलीकडे भाडेकरू येतील. गोड बोलणारे. ते मले सहन व्हायचे नाही."

कौशल्येने हात पुढे केला आणि नर्सबाईला म्हणाली, द्या सुई.

ही गोष्ट कोणाच्या देवावर उठलेली नाही. देव्हाऱ्यात ज्याला जे ठेवायचं त्याने ते ठेवावं. पण कोणी म्हणालं की माझ्या पाटावर बस आणि डॉक्टरचं औषध सोड, तर बाबांनो, बायांनो, आधी त्या पाटाची मखमल उचला. उचलू देत नसेल, तर जमिनीवर बसा आणि पाटावर दुसरं काहीही ठेवा. खरं असेल ते बघितल्याने बाटत नाही. जे बाटतं, ते खरं नसतं. आणि औषध घेतल्याशिवाय बघायलाही जाऊ नका.